आग्वाद ते बागा : एका किनाऱ्याची वहिवाट

मागच्या वेळी आपण घाटवाटांबद्दल बोललो होतो. आज घाट उतरून थेट समुद्रावर जाऊ. गोव्यातला सगळ्यांत जास्त तुडवला गेलेला किनारा, म्हणजे बार्देश तालुक्यातला सिकेरी, कांदोळी, कळंगुट आणि बागा हा सलग पट्टा. लांबी साधारण सात किलोमीटर. महाराष्ट्रातून गोव्याला गेलेल्या बहुतेकांनी तो पाहिलेला आहे. पाहिलेला म्हणजे काय, तर गाडीतून उतरले, वाळूवर दोन तास काढले, मासे खाल्ले आणि परत आले. आज तोच पट्टा सावकाश चालत पाहायचा आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं, आणि जिथे काही दिसेल तिथे थांबायचं.

निघण्याआधी एक शब्द हाताशी ठेवू या : वहिवाट. आपल्याकडे सातबारा, शेताचा बांध आणि शेजाऱ्याचं भांडण ज्यांनी पाहिलंय त्यांना तो नव्याने सांगायला नको. कागदावर जमीन कोणाची हा एक प्रश्न. तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोण चालत आलं, तिचा वापर कोणी केला, हा दुसरा प्रश्न. हे दोन प्रश्न जिथे एकमेकांशी जुळत नाहीत तिथे भांडण असतं, आणि इतिहासाला कामही तिथेच असतं. या सात किलोमीटरमध्ये चारशे वर्षांत बरेच लोक आले आणि प्रत्येकाने हा किनारा आपापल्या कामाला लावला. कोणी पाण्यासाठी, कोणी माशांसाठी, कोणी माडासाठी, कोणी हवेसाठी. आजच्या फेरीत आपण या वहिवाटी मोजणार आहोत.

सुरुवात आग्वादच्या किल्ल्यावरून. मांडवी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेकडून एक जांभ्याचं नाक पुढे आलेलं आहे. त्यावर पोर्तुगिजांनी १६१२ साली हा किल्ला पुरा केला. नावातच त्याचं काम आहे. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी, आणि ‘आग्वाद’ म्हणजे जहाजांनी गोडं पाणी भरून घ्यायची जागा. लिस्बनहून निघालेलं गलबत केप ऑफ गुड होपला वळसा घालून इथे पोचायला सहा महिन्यांच्या आसपास घेई. उतरल्यावर खलाशांना आधी पाणी हवं असायचं, मग देव, मग बाजार. या डोंगराला गोड्या पाण्याचे झरे होते. किल्ल्याच्या वरच्या भागात गेलात की मोठं मोकळं पटांगण लागतं आणि लोक विचारतात, इथे पाहायचं काय? पाहायचं आहे ते पायाखाली. त्या पटांगणाखाली खांबांवर तोललेलं भलंमोठं टाकं आहे. त्याची क्षमता २३ लाख ७६ हजार गॅलन सांगितली जाते. म्हणजे तोफा आणि बुरूज हे सगळं त्या टाक्याच्या राखणीला होतं म्हणा ना.

हा किल्ला ‘डच आणि मराठ्यांपासून संरक्षणासाठी’ बांधला, असं वाक्य आपल्याला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. जरा तारीख पाहा. किल्ला १६१२ चा. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. मराठ्यांची भीती १६१२ साली कशी असेल? भीती होती ती डचांची. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि लगेच पुढच्या काही वर्षांत डच जहाजं गोव्याच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करू लागली. मराठे आले ते नंतर. संभाजी महाराजांची स्वारी १६८३ च्या अखेरची. त्यानंतर १७३९ मध्ये, म्हणजे तिकडे चिमाजी आप्पांची वसईची मोहीम चालू असताना, इकडे बार्देश जवळजवळ सगळा मराठ्यांच्या आणि सावंतवाडीकर भोसल्यांच्या हाती गेला. राहिले ते फक्त दोन किल्ले, रेईश मागूश आणि आग्वाद. ज्याच्याकडे स्वतःचं पाणी आहे आणि मागे समुद्र मोकळा आहे, तो किल्ला वेढ्याला सहज दाद देत नाही. पोर्तुगीज तेवढ्यावर तगले.

वरच्या भागात एक बुटका, गोल, पांढरा दीपस्तंभ आहे, तो १८६४ चा. १९७६ मध्ये शेजारी नवा झाला आणि जुन्याचं काम थांबलं. आणि हो, तरुण मंडळी इथे ‘दिल चाहता है’चा किल्ला शोधत येतात. तो हा नव्हे. तो शापोऱ्याचा, इथून आणखी उत्तरेला.

आता डोंगराच्या मांडवीकडच्या अंगाला उतरू. पाण्याला लागून असलेल्या किल्ल्याच्या खालच्या भागात तुरुंग होता. सालाझारच्या राजवटीत राजकीय कैदी इथे ठेवत. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ मध्ये पकडल्यावर इथल्या अंधाऱ्या, ओलसर कोठडीत ठेवलं होतं. पुढे त्यांना शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. राममनोहर लोहिया त्याच वर्षी जूनमध्ये मडगावची सभा करून गेले होते. सप्टेंबरात पुन्हा गोव्यात शिरताना पकडले गेले आणि त्यांनाही इथेच डांबलं. मुक्तीच्या दिवसाची इथली कहाणी तर चटका लावणारी आहे. १९ डिसेंबर १९६१. पोर्तुगिजांची सत्ता संपलेली. किल्ल्यात राजकीय कैदी आहेत असं कळल्यावर भारतीय सैन्याची एक तुकडी त्यांना सोडवायला आली. आतल्या शिबंदीला शरणागतीचा हुकूम पोचला नव्हता. त्यांनी गोळीबार केला आणि मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल हे दोन अधिकारी तिथे पडले. लढाई संपलेली असताना गेलेले हे जीव. तुरुंग पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिला. कैदी २०१५ मध्ये कोलवाळला हलवले आणि २०२१ च्या डिसेंबरात या जागी संग्रहालय सुरू झालं. सुटीच्या दिवशी तिथे संध्याकाळी सूर्यास्त पाहायला गर्दी असते. गर्दीतल्या थोड्यांनी तरी कोठड्यांची उंची हाताने मोजून पाहावी.

किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी सिकेरी. इथे एक बुरूज थेट समुद्रात पाय सोडून बसलेला आहे. या बुरुजाला लागून १९७४ मध्ये ताज समूहाचं हॉटेल उभं राहिलं. त्या वेळी या किनाऱ्यावर पंचतारांकित असं काही नव्हतं. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीला राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद झाली आणि मधल्या विश्रांतीसाठी इंदिरा गांधींनी सगळ्यांना इथे आणलं. मार्गारेट थॅचरही होत्या. जगाच्या वर्तमानपत्रांत त्या आठवड्यात सिकेरीची वाळू छापून आली. एवढी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती.

पण त्याच इंदिरा गांधींचं आणखी एक काम आपण इथे उभं राहून आठवायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, त्यांनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम नको, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. पत्र म्हणजे कायदा नव्हे. कायद्याचं बळ आलं १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने, ज्याला आपण सीआरझेड म्हणतो. या दोन तारखांच्या मध्ये दहा वर्षं गेली. आता सिकेरीहून उत्तरेला चालू लागा आणि उजव्या हाताला भरतीच्या रेषेजवळ काय काय उभं आहे ते बघत चला. ती दहा वर्षं आणि नंतरच्या सवलती, सगळं तुम्हाला विटा-सिमेंटमध्ये वाचायला मिळेल.

वाळूवरून चालताना आणखी एक गोष्ट शोधायची. जांभळ्या फुलांची, जाड पानांची एक वेल वाळूवर पसरलेली असते. आपल्या लोकांनी तिला नाव दिलंय मर्यादवेल. जिथपर्यंत ती आहे तिथपर्यंत समुद्राची मर्यादा. तिची मुळं वाळू धरून ठेवतात, वाळूचे उंचवटे तयार होतात, त्यामागे केवड्याची बनं, आणि त्यांच्या आडोशाला माड, विहिरी आणि घरं. खारं वारं आणि भरती पहिल्यांदा या उंचवट्यांवर आदळतात, म्हणून मागच्या विहिरींचं पाणी गोडं राहतं. जुन्या वस्तीत घर वाळूवर बांधायची पद्धतच नव्हती. वाळूवर फार तर होडीची झोपडी, झावळ्यांची. अधिसूचनेला १९९१ साली जे कलमांत लिहावं लागलं, ते इथल्या माणसांनी वेलीच्या नावातच घालून ठेवलेलं होतं. या पट्ट्यात हे उंचवटे आता तुकड्यातुकड्यांनीच उरलेत.

पुढे कांदोळी. या समुद्रात २००० सालच्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या वादळात ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं मोठं मालवाहू जहाज रुतून बसलं. जवळजवळ बारा वर्षं ते तिथेच होतं. पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत, आणि गावकरी म्हणत की जहाजामुळे प्रवाह वळला, आमची वाळू खचली. काढायचं कोणी, खर्च कोणाचा, भंगार कोणाचं, यावर कज्जेदलाली चालू राहिली. शेवटी तुकडे करून ते २०१२ च्या सुमारास संपवलं. गोव्याची एक अर्थव्यवस्था डोंगरातल्या लोहखनिजावर आणि ते वाहणाऱ्या जहाजांवर चालत होती, दुसरी वाळूवर. एरवी एकमेकींकडे पाठ करून असलेल्या या दोघी कांदोळीला अशा समोरासमोर आल्या होत्या.

आता समुद्राकडे पाठ करू आणि दहा मिनिटं आत गावात जाऊ. पर्यटक सहसा हे करत नाहीत, म्हणून आपण करायचं. मोठा रस्ता ओलांडला की आवाज कमी होतो. आंब्या-फणसांच्या सावलीत जुनी घरं दिसतात. दारापुढे पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बसायचे दगडी कट्टे, त्याला इथे बलकांव म्हणतात. खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेले. या गावात अठराव्या शतकात पिंटो घराण्याचा मोठा दबदबा होता आणि १७८७ चा ‘पिंटोंचा कट’ म्हणून जो उठाव ओळखला जातो तो याच गावच्या नावाशी बांधलेला आहे.

कट कशाचा? तक्रार साधी होती. गोव्यातले ख्रिस्ती झालेले लोक दोनशे वर्षं चर्चमध्ये होते, पाद्री होत होते, विद्वान होते. पण वरची पदं गोऱ्यांना. गोन्साल्व्हिश आणि कौतु हे दोन गोमंतकीय पाद्री लिस्बनपर्यंत जाऊन आले आणि हात हलवत परतले. लष्करातल्या देशी अधिकाऱ्यांचीही बढतीबाबत हीच तऱ्हा. ही मंडळी एकत्र आली, राज्य उलथवायचं ठरलं, आणि बेत फुटला. ४७ जणांना अटक झाली. त्यांतल्या १५ जणांना पुढच्याच वर्षी पणजीत देहान्त शासन झालं. पाद्र्यांना लिस्बनला धाडून तिथे वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं. फ्रेंच राज्यक्रांती १७८९ ची, हे लक्षात घ्या. कांदोळीतल्या बैठका त्याच्या दोन वर्षं आधीच्या.

याच गावात ३१ मे १७५६ रोजी, आजोळी, जुझे कुस्तोदियु फारिया जन्मला. जग त्याला आबे फारिया म्हणून ओळखतं. वडिलांबरोबर तो १७७१ मध्ये लिस्बनला गेला. कटाच्या वेळी संशयाची सुई वडिलांकडेही वळली होती. मुलगा पुढे पॅरिसला पोचला आणि १८१३ मध्ये तिथे संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला. तोवर समजूत अशी की संमोहन करणाऱ्याच्या अंगी काही चुंबकीय द्रव असतो. फारियाने सांगितलं, तसलं काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, सूचनेने घडतं. आधुनिक मानसशास्त्राने हे नंतर मान्य केलं. तो १८१९ मध्ये पॅरिसमध्येच वारला. अलेक्झांडर द्युमाने ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मध्ये त्याच्या नावाचं पात्र उभं केलं, त्यामुळे कादंबरीतला फारिया खऱ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध झाला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ चा. पुतळा पाहिलेले लाखो असतील. त्यांतले किती जण कांदोळीच्या वाळूवर बसले आणि हे त्याचं आजोळ आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती!

कांदोळीतून कळंगुटकडे जाताना आणखी एक प्रश्न विचारू. ही मोठी घरं कोणत्या पैशावर उभी राहिली? थोडी जमिनीवर, पण पुष्कळशी मनीऑर्डरीवर. बार्देशाची जमीन थोडी आणि माणसं फार. एकोणिसाव्या शतकापासून इथली तरुण मुलं बोटीवर खलाशी म्हणून, आचारी म्हणून, वादक म्हणून बाहेर पडली. त्यांचा पहिला मुक्काम मुंबई. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्यातल्या गावांचे क्लब होते आणि काही अजून आहेत. त्यांना कूड म्हणतात. एकेका गावाचं एकेक कूड. अल्प भाड्यात पेटी ठेवायला जागा, झोपायला जमीन, आणि भिंतीशी गावच्या संताची वेदी. जहाजावर काम मिळेपर्यंत पोरगा तिथे राही. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या गिरणगावातल्या गाळ्यांशी ही व्यवस्था ताडून पाहा, भावंडंच वाटतील. परगावच्या कष्टावर उभं राहिलेलं घर आणि ते वर्षातून एकदा उघडणारा मालक, ही कळंगुटची गोष्ट पर्यटनाच्या फार आधीची आहे.

कळंगुटला शिरताना सांत आलेशची पांढरी चर्च दिसते, मधोमध घुमट असलेली. तिच्यासमोर उभं राहून एक नाव आठवू या : शांतादुर्गा कळंगुटकरीण. बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि १५६० च्या दशकात इथली देवळं पाडली गेली. लोकांनी मूर्ती उचलल्या आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर नेल्या. कळंगुटची देवी आज डिचोली तालुक्यात नानोड्याला आहे. साडेचारशे वर्षं झाली, पण तिच्या नावातून गाव गेलेलं नाही. तिचे महाजन आज कुठे कुठे पसरले असतील, पण कुलदेवता विचारली की गाव कळंगुट. जमीन सुटली, देऊळ सुटलं, नाव राहिलं. वहिवाट कागदाशिवाय किती टिकते याचा यापेक्षा चांगला दाखला आमच्या तरी माहितीत नाही.

आता थेट किनाऱ्यावर, कळंगुटच्या प्रसिद्ध पायऱ्यांशी. इथे सगळ्यांत जुनी वहिवाट खारव्यांची आणि त्यांच्या रापणीची. मालवण, वेंगुर्ल्याकडच्या श्रोत्यांना रापण ठाऊक असेल. लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायचं आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लावून किनाऱ्यावर ओढायचं. एकट्यादुकट्याचं हे काम नाही, चाळीस-पन्नास जण लागतात. म्हणून मासळीही वाटून घ्यायची, ओढायला हात लावणाऱ्याचाही त्यात वाटा. मुक्तीनंतर सरकारी उत्तेजनाने यांत्रिक ट्रॉलर आले. ते किनाऱ्याजवळच खरवडू लागले आणि रापण रिकामी येऊ लागली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा या शिक्षकाने त्यांचं नेतृत्व केलं. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलं गेलं. भारतातल्या मच्छीमारांच्या देशव्यापी संघटनेचं एक मूळ या लढ्यात आहे. मात्र त्यांनी पाणी सांभाळलं तोवर मागून वाळू जात होती. रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. खुर्च्या आणि छत्र्या मांडलेल्या ठिकाणी ती ओढणार कशी?

दुसरी वहिवाट हवापालटाची. पोर्तुगीज काळात सुखवस्तू गोमंतकीय कुटुंबं मे महिन्यात बिऱ्हाड घेऊन समुद्रावर येत, तांदूळ, भांडी, गाद्या आणि नोकरमाणसांसकट. याला ते ‘मुदांस’ म्हणत, म्हणजे बदल. खारव्यांच्या खोल्या भाड्याने घ्यायच्या, सकाळी समुद्रात डुंबायचं, संध्याकाळी वाळूवर गप्पा. घाटाकडची शेतकरी मंडळीही पावसाच्या तोंडावर येत. खाऱ्या पाण्यात न्हायलं की सांधे वर्षभर कुरकुरत नाहीत, हा त्यांचा विश्वास. साड्या नेसून, गुडघाभर पाण्यात, एकमेकींचे हात धरून उभ्या असलेल्या बायका इथे मे महिन्यात अजून दिसतात. त्यांना पाहून कोणी हसू नये. या किनाऱ्यावरच्या पर्यटकांमध्ये मान वयाने ठरवायचा झाला तर पहिला मान त्यांचा.

मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले. युरोपातून इस्तंबूल, काबूल, दिल्ली असं जमिनीवरून, आणि मुंबईहून पुष्कळदा पणजीच्या बोटीने. जी बोट आपल्या चाकरमान्यांना विजयदुर्ग, मालवणला उतरवत यायची, तीच. कळंगुटला त्यांनी कोणाच्या खोल्या घेतल्या? त्याच, मुदांसवाल्यांच्या. ते हिवाळ्यात येत, हे मे महिन्यात. खोलीवाल्याला दोन हंगाम मिळाले. गावाला त्यांचं नागवेपण आणि नशा खटकली, भाडं मात्र खटकलं नाही. कळंगुटला गर्दी झाल्यावर ते उत्तरेला हणजुण्याकडे सरकले. चहा-मासळीच्या झोपड्यांचे शॅक झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमानं थेट दाबोळीला उतरू लागली आणि खोलीची जागा हॉटेलने घेतली. हे सगळं निमूट झालं असं समजू नका. ‘जागृत गोंयकारांची फौज’ या गटाने १९८७ च्या सुमारास पर्यटकांच्या बसगाड्यांपुढे निदर्शनं केली, प्रसंगी शेणही फेकलं. त्यांचा मुद्दा होता, गावाच्या नळाला पाणी नाही आणि हॉटेलच्या तलावाला आहे.

पाण्याचा मुद्दा इथे पुन्हा आला बघा. आग्वादला आपण सुरुवात केली ती जहाजांच्या पाण्यापासून. आज हंगामात कांदोळी-कळंगुटच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिलात तर पाण्याचे टँकर जाताना दिसतील. आतल्या गावांच्या विहिरींतून उपसलेलं पाणी हॉटेलांना चाललेलं असतं. बाहेरून येणाऱ्याला गोडं पाणी पुरवणं हे या किनाऱ्याचं चारशे वर्षांपूर्वीचं काम. फरक इतकाच, की तेव्हा ते डोंगराच्या झऱ्याचं होतं, आता शेजारच्या गावाच्या विहिरीचं आहे.

शेवटचा टप्पा बागा. संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आपण सकाळी जायचं. किनारा संपतो तिथे बागाची खाडी समुद्राला मिळते, पलीकडे टेकडी. खाडीच्या कडेने आत हडफड्याकडे वळलात की चौकोनी वाफे दिसतात. ती मिठागरं. काही अजून पिकतात. बार्देशाचं मीठ एकेकाळी घाटावर आणि परदेशीही जात असे. मग १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. गोव्याच्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण आलं. बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळाले आणि मुरगावचं बंदर व रेल्वे झाली. करार १८९२ मध्ये संपला, पण तोवर कित्येक आगरं मोडली होती. त्या काळात गावं सोडून मुंबईच्या कुडांत गेलेल्यांमध्ये या आगरांवरची माणसंही होती. मघाची मनीऑर्डर आणि हे वाफे असे जोडलेले आहेत. आज या वाफ्यांवर नजर आहे ती बांधकामाची. मीठ दांडगाईने एकदा मोडलं, भावाने दुसऱ्यांदा मोडेल.

इतकं चालून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. हा किनारा कोणाचा? कोर्टाने याला एक उत्तर दिलेलं आहे. पणजीजवळ दोनापावला भागात वायंगिणी नावाची छोटी चौपाटी आहे. तिथे हॉटेल झालं आणि गावकऱ्यांची समुद्रावर जायची जुनी पायवाट अडली. वाद वर्षानुवर्षं चालला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय गावकऱ्यांच्या बाजूने दिला. समुद्रकिनाऱ्यासारखी साधनं लोकांची असतात, सरकार त्यांचं विश्वस्त असतं, आणि लोकांची वाट बंद करता येत नाही, असं त्याचं सार. त्या खटल्यात निर्णायक काय ठरलं, तर इथून लोक पूर्वीपासून जात होते हे दाखवता आलं. जुने नकाशे, जुने करार, म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी. तोच आपला इतिहास. तो लिहिलेला नसता, कोणाला आठवत नसता, तर वाट गेली होती.

म्हणून शेवटी एवढंच सांगतो आहोत. पुढच्या वेळी कळंगुटला गेलात तर हॉटेलच्या दारातून समुद्रावर जाऊ नका. गावातल्या कोणाला तरी विचारा, खारव्यांची जुनी वाट कुठून जाते? दोन कंपाउंडांच्या मधली, एका माणसापुरती, कुठे कुठे कचऱ्याने भरलेली अशी एखादी वाट ते दाखवतील. तिच्यावरून चालत जा. वापरातली वाट अडवायला लोकांना जरा विचार करावा लागतो, आणि वहिवाट टिकते ती चालण्यानेच.

आता प्रश्न असतील तर घेऊ.